ग्रेनेडात जहाज थांबतं तो दिवस: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दक्षिण कॅरिबियनच्या क्रूझच्या वेळापत्रकात ‘सेंट जॉर्जेस, ग्रेनेडा: सकाळी ८ ते संध्याकाळी ५’ अशी एक ओळ असते. ती वाचून पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, नऊ तास आहेत, तेवढ्यात बेट पालथं घालू. नकाशा बघितला की हा समज आणखी पक्का होतो, कारण बेटाची लांबी जेमतेम ३४ किलोमीटर आणि रुंदी १९. पण जहाज धक्क्याला लागल्यावर सरकारी सोपस्कार होऊन दार उघडेपर्यंत वेळ जातो, आणि संध्याकाळी निघण्याच्या वेळेआधी अर्धा ते एक तास सगळ्यांनी परत वर आलेलं असावं लागतं. हातात खरे उरतात सात तास. शिवाय बेट ज्वालामुखीतून वर आलेलं, मधोमध डोंगर, रस्ते अरुंद आणि वळणावळणाचे. पंधरा-सोळा किलोमीटरला पाऊण तास लागला तर नवल नाही.

म्हणून माझा सल्ला एवढाच: एक लांबची गोष्ट ठरवा आणि एक जवळची. दोन लांबच्या घेऊ नका. लांबची आधी, जवळची नंतर. उशीर झालाच तर तो जवळच्या गोष्टीतून कापता येतो.

जहाजावर असतानाच

कागदपत्रांचं आधी. भारतीय पासपोर्टवर ग्रेनेडात पर्यटक म्हणून उतरायला व्हिसा लागत नाही, पण तुमची अडचण बहुधा ग्रेनेडा नसतेच. जहाज मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा सान हुआनहून सुटणार आणि तिथेच परतणार असेल तर तो अमेरिकेत पुन्हा प्रवेश ठरतो. त्यासाठी एकापेक्षा जास्त प्रवेशांचा, परतीच्या तारखेला चालू असलेला व्हिसा हवा. अमेरिकेत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या मंडळींनी पासपोर्टवरच्या शिक्क्याची तारीख तिकीट काढण्याआधी बघावी, नंतर नव्हे. भारतातून आई-बाबांना बोलावून क्रूझला नेणार असाल तर त्यांचीही. त्याच सफरीत मार्टिनिक किंवा ग्वादलूप असेल तर ती फ्रान्सची भूमी आहे आणि तिथले नियम वेगळे, तेव्हा क्रूझ कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

आता घड्याळ. ग्रेनेडाची वेळ वर्षभर एकच, भारताच्या साडेनऊ तास मागे. फ्लोरिडाची वेळ हिवाळ्यात ग्रेनेडाच्या एक तास मागे असते. काही जहाजं प्रत्येक बेटाप्रमाणे घड्याळ बदलतात, काही सुटल्या बंदराचीच वेळ शेवटपर्यंत धरतात. तुमचा फोन मात्र किनाऱ्यावरचं नेटवर्क मिळालं की आपोआप बेटाची वेळ दाखवू लागतो. आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या पत्रकात ‘परत यायची वेळ’ कोणत्या घड्याळाने लिहिली आहे ते बघा आणि हातातलं साधं घड्याळ त्याप्रमाणे लावा. दिवसभर फोनवर वेळ बघू नका. त्याच पत्रकावर बंदरातल्या स्थानिक एजंटचा फोन नंबर छापलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

समुद्रात असताना फोन ‘एअरप्लेन मोड’वर हवा. जहाजावरचं मोबाईल नेटवर्क उपग्रहावरून चालतं आणि त्याचं बिल घरी पोहोचल्यावर कळतं.

सहल जहाजाकडून घ्यायची की स्वतः ठरवायची, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. जहाजाची सहल महाग पडते, गटही मोठा असतो, पण तिला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुम्ही स्वतः केलेल्या टॅक्सीला उशीर झाला तर थांबत नाही. बेटाच्या उत्तरेकडच्या टोकाला जायचं असेल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने जहाजाचीच सहल घ्यावी. शहर, किनारा, जवळचा धबधबा यांसाठी ते पैसे खर्च करण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

पिशवीत काय घ्यायचं: जहाजाचं कार्ड, फोटो असलेलं एक ओळखपत्र, पासपोर्टची झेरॉक्स, पाणी, टोपी, सनस्क्रीन, हलका रेनकोट, पोहण्याचे कपडे आणि एक-पाच-दहाच्या अमेरिकन डॉलरच्या नोटा. एक गोष्ट मात्र घेऊ नका, ती म्हणजे लष्करी ठिपक्यांच्या कापडाची पँट, टोपी किंवा बॅग. ग्रेनेडात आणि आजूबाजूच्या बऱ्याच बेटांवर सामान्य माणसाने असे कपडे घालणं कायद्याने बंद आहे. लहान मुलांचे कपडेही तपासा.

उतरल्यावर पहिला अर्धा तास

सेंट जॉर्जेसचा क्रूझचा धक्का मेलव्हिल स्ट्रीटवर, थेट शहरातच आहे. बंदरात गर्दी असेल तर एखादं जहाज बाहेर नांगर टाकतं आणि लोकांना छोट्या होड्यांनी आणतात. तसं असेल तर जाता-येता अर्धा तास जास्त धरा. संध्याकाळच्या शेवटच्या होडीला रांग मोठी असते.

बाहेर पडताच टॅक्सीवाले पुढे येतील. इथे पहिला शब्द ‘गुड मॉर्निंग’. तो न म्हणता थेट ‘हाऊ मच’ विचारणं या बेटांवर उद्धटपणा मानतात. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, बाजारात बाईसमोर उभं राहिल्यावर, सगळीकडे आधी नमस्कार आणि मग काम. एवढं केलं की पुढचं बोलणं सोपं होतं. इंग्रजी सगळ्यांना येतं. आपापसात ते ज्या वेगाने बोलतात ते कळलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

टॅक्सीला मीटर नसतो. दर ठरलेले असतात, पण बसण्याआधी तीन गोष्टी तोंडी पक्क्या करा: भाडं गाडीचं की माणशी, किती तास, आणि कोणत्या डॉलरमध्ये. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. इथलं चलन आहे पूर्व कॅरिबियन डॉलर, बोलताना नुसतं ‘ईसी’ म्हणतात. एका अमेरिकन डॉलरला २.७० ईसी हा दर १९७६ पासून बांधलेला आहे. अमेरिकन नोटा बहुतेक सगळीकडे चालतात, पण सुटे परत मिळतात ते ईसीत. ‘वीस’ म्हटलं की ‘यूएस की ईसी?’ असं लगेच विचारा. कोणी फसवतं म्हणून नव्हे. दोन्ही डॉलर रोजच्या बोलण्यात एकत्रच असतात.

स्वस्तात जायचं तर बस. बस म्हणजे आपल्याकडची वडापची गाडी समजा: खासगी मिनीबस, पुढे नंबरचं स्टिकर, दारात कंडक्टर, गाणी जोरात, आणि उतरायचं असलं की गाडीच्या टपावर टकटक. बसचा अड्डा क्रूझच्या धक्क्याच्या अगदी शेजारी आहे. ग्रँड आन्सच्या किनाऱ्याला जाणारी १ नंबर. भाडं काही ईसी डॉलरच होतं, सुटे जवळ असू द्या. रविवारी बस फार कमी असतात आणि बाजारही जवळपास बंद असतो. तुमचं जहाज रविवारी लागणार असेल तर टॅक्सी किंवा जहाजाची सहल आधीच ठरवा.

लांबची गोष्ट: डोंगर की जायफळ

मी तुमच्या जागी असेन तर जायफळ निवडेन.

ग्रेनेडाच्या झेंड्यावर जायफळ आहे. मूळ इंडोनेशियाच्या बांदा बेटांवरचं हे झाड इथे १८४३ च्या सुमारास आलं आणि पुढे इंडोनेशियाच्या खालोखाल ग्रेनेडाचं नाव घेतलं जाऊ लागलं. मग ७ सप्टेंबर २००४ ला ‘आयव्हन’ वादळ आलं आणि बेटावरची बहुतेक जायफळाची झाडं आडवी झाली. जायफळाचं झाड पुन्हा लावणं सोपं नसतं. बियांपासून वाढवलेलं झाड नर आहे की मादी हे फुलायला लागेपर्यंत कळत नाही, त्याला पाच-सात वर्षं जातात, आणि भरपूर फळ मिळायला त्याहून जास्त. म्हणून बऱ्याच शेतकऱ्यांनी कोको लावला. आज ग्रेनेडाच्या चॉकलेटचं नाव होतंय, त्यामागे हेही एक कारण आहे.

पश्चिम किनाऱ्याने पाऊण तासावर ग्वाव्ह नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथे जायफळाचं जुनं प्रक्रिया केंद्र आहे, अनेक मजली. किरकोळ शुल्क देऊन आतून बघता येतं. फळ उकललं की आतल्या बीवर लाल जाळी असते, ती जायपत्री. ती आधी सोडवतात. मग कवचासकट बिया लाकडी ट्रेमध्ये आठवडेच्या आठवडे वाळवतात, कवच फोडतात, आणि आतलं जायफळ पाण्यात टाकतात. बुडलं ते चांगलं, तरंगलं ते हलकं. हलकं मग तेल काढायला किंवा खालच्या प्रतीत जातं. निवडणं हाताने चालतं. माल गोणपाटात भरून वर कुठल्या देशाला जाणार ते रंगाने उमटवतात. सगळं बघायला अर्धा-पाऊण तास पुरतो. काम चालू बघायचं तर आठवड्याच्या मधल्या वारी जायला हवं.

कोकणातल्या वाचकाला यात नवं काय असं वाटेल, कारण दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जाती काढल्यापासून नारळी-पोफळीच्या बागांत जायफळ दिसतंच. पण आपल्याकडे ते बागेतलं जोडपीक, इथे त्यावर देशाचं पोट चालत होतं. वाड्यांमधलं जायफळ बघितलेल्या माणसाने तर हे केंद्र आवर्जून बघावं, वाळवण्याच्या पद्धतीतला फरक लगेच लक्षात येईल.

डोंगर निवडलात तर ग्रँड एतांग. समुद्रसपाटीपासून सुमारे ५३० मीटरवर ज्वालामुखीच्या मुखात साचलेलं तळं, भोवती पावसाचं जंगल. शहरातून अर्धा-पाऊण तास. वर हवा गार असते आणि पाऊस न सांगता येतो, रेनकोट त्यासाठीच. इथली मोना माकडं पश्चिम आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर आली. रस्त्याकडेला दिसतात, त्यांना खायला घालू नका, हातातली पिशवी मात्र घट्ट धरा. जाता-येता वाटेवर अॅनंडेल धबधबा लागतो. साधारण दहा मीटर उंचीचा, गाडीतळापासून पाच मिनिटांच्या पायवाटेवर. तिथे तरुण मुलं वरून कुंडात उड्या मारून दाखवतात आणि मग बक्षीस मागतात. फोटो काढलात तर एक-दोन डॉलर द्यावेत, रीतच आहे. सेव्हन सिस्टर्स धबधब्यांचं नाव टॅक्सीवाला हमखास घेईल. तिथली वाट चिखलाची, घसरडी, जाऊन-येऊन बराच वेळ खाणारी. आई-बाबा बरोबर असतील तर सरळ नाही म्हणा.

उत्तरेकडे बेलमॉन्ट इस्टेट आहे. कोको बागेतून वडीपर्यंत कसा जातो ते तिथे दिसतं, उन्हात पसरलेल्या बिया कामगार पायाने वरखाली करतात तेही. १९४४ मध्ये ही इस्टेट भारतीय वंशाच्या न्याक दांपत्याने घेतली. भारतातून मजुरांचं पहिलं जहाज ग्रेनेडाला १ मे १८५७ ला लागलं होतं, बहुतेक मंडळी उत्तर हिंदुस्थानातली. तिथून इस्टेटीच्या मालकीपर्यंत जेमतेम तीन पिढ्या. पण शहरापासून एका बाजूला तासाहून जास्त लागतो. जवळच रिव्हर अँटोइनची १७८५ पासूनची रमची भट्टी आहे, तिथे ऊस पिळणारा चरक अजून पाणचक्कीवर फिरतो. दोन्ही छान, आणि दोन्ही मिळून तुमचा अख्खा दिवस. हे जहाजाच्या सहलीनेच करा.

जवळची गोष्ट: शहर किंवा किनारा

साधारण एक-दीडच्या सुमाराला सेंट जॉर्जेसला परत आलेले असाल तर पोटपूजा करून यातलं एक निवडा.

खाण्यात शाकाहारींची फार आबाळ होत नाही. रोटी मागा. आत वाटाण्याच्या डाळीचं सारण असलेली पातळ पोळी, तिच्यात रस्सा गुंडाळलेला. ‘चना अँड पोटॅटो’ असं स्पष्ट सांगा. चिकनची मागितलीत तर हाडं आतच असतात, मुलांना सांगून ठेवा. राष्ट्रीय पदार्थ ‘ऑइल डाउन’. नीरफणस, अळूसारखी पानं, नारळाचं दूध आणि हळद घालून, सगळं दूध आटेपर्यंत शिजवलेला. वर्णन ऐकून आपल्याला घरचं वाटेल, पण त्यात खारवलेलं मांस असतं. ‘इटल’ अशी पाटी दिसली तर ते रास्ताफारी पंथाचं शाकाहारी जेवण. मीठ नसतं किंवा फार कमी असतं.

शहर चढ-उताराचं आहे. धक्क्याच्या बाजूकडून जुन्या बंदराकडे, म्हणजे कॅरिनेजकडे जायला सेंडल बोगदा आहे, १८९४ च्या सुमाराचा. लांबी शंभर मीटरच्या आसपास, गाड्या एकाच दिशेने, आणि पादचाऱ्यांना वेगळा पदपथ नाही. भिंतीला लागून, एकामागोमाग चाला, मुलांचा हात सोडू नका. पलीकडे घोड्याच्या नालेसारखं वळलेलं बंदर, लाल कौलांची घरं, मासेमारीच्या होड्या. वर फोर्ट जॉर्ज. १९ ऑक्टोबर १९८३ ला पंतप्रधान मॉरिस बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना याच किल्ल्याच्या चौकात गोळ्या घातल्या, आणि २५ ऑक्टोबरला अमेरिकेचं सैन्य बेटावर उतरलं. चौकात त्या हत्येची आठवण सांगणारी पाटी आहे. किल्ल्याचं काम चालू असेल तर आत सोडत नाहीत. तेव्हा टॅक्सीने रिचमंड हिलवरच्या फोर्ट फ्रेडरिकला जा. खाली जहाज, बंदर, दक्षिणेकडचे किनारे सगळं एका नजरेत येतं.

किनारा म्हणजे ग्रँड आन्स. सुमारे तीन किलोमीटर पांढरी वाळू, शांत पाणी, कारण ही बाजू कॅरिबियन समुद्राची. पूर्वेकडची अटलांटिकची बाजू पोहायची नाही. इथे येण्याचा सगळ्यात मजेचा मार्ग म्हणजे ‘वॉटर टॅक्सी’, बंदरातून छोट्या होडीने दहा-पंधरा मिनिटांत. होडीतून थेट वाळूवर उतरावं लागतं, गुडघ्यापर्यंत भिजायची तयारी हवी. ज्येष्ठांना बस किंवा गाडी बरी. परतीच्या होडीची वेळ उतरतानाच ठरवून घ्या.

किनाऱ्यावर एका झाडापासून सावध राहायचं: मँचिनील. हिरवी, छोट्या सफरचंदासारखी फळं, गोड वासाची आणि विषारी. चीक अंगावर पडला तर फोड येतात, त्यामुळे पावसात त्याखाली आडोशालाही उभं राहायचं नाही. बऱ्याच ठिकाणी खोडाला लाल पट्टा मारलेला असतो, पण पट्टा नाही म्हणून फळ उचलू नका. पोहण्याच्या कपड्यांत रस्त्यावर किंवा दुकानात फिरणं इथे चालत नाही, वर काहीतरी घाला.

ज्यांना पाण्याखाली बघता येतं त्यांच्यासाठी मोलिनेअरच्या खाडीतलं शिल्पांचं उद्यान आहे. २००६ मध्ये जेसन डिकेअर्स टेलर या शिल्पकाराने ते सुरू केलं. हात धरून वर्तुळात उभी असलेली मुलं सगळ्यात प्रसिद्ध. वादळात खराब झालेल्या प्रवाळावरचा पाणबुड्यांचा भार कमी व्हावा हाही त्यामागचा हेतू होता. होडी आणि स्नॉर्केलिंगचं साहित्य ग्रँड आन्सवर मिळतं, पण यात दोन-अडीच तास जातात. म्हणजे ही जवळची असली तरी लांबचीच गोष्ट समजा.

परतताना खरेदी

खरेदीसाठी मार्केट स्क्वेअर, धक्क्यापासून चालत पाच-दहा मिनिटं. शनिवारी सगळ्यात भरलेला असतो. जायफळ, जायपत्री, दालचिनी, लवंग, तमालपत्राच्या जातीची पानं, कोकोचे गोळे. ‘सॅफ्रन’ म्हणून पिवळी पूड दाखवतील ती हळद असते, आपल्या घरी पोतंभर आहे. मसाल्यांच्या माळा दिसायला सुरेख, स्वयंपाकाला निरुपयोगी. घ्यावं ते अख्खं जायफळ, आणि जायफळाच्या फळाच्या गराचा जॅम. कोकणात आपण त्याच गराचं लोणचं घालतो, इथे साखरेत शिजवतात. भाव थोडा कमी करून मिळतो, पण आपल्याकडच्यासारखी घासाघीस इथे शोभत नाही.

मसाले वाळलेले आणि पाकीटबंद घ्या. ताजी फळं, पानं, रोपं, माती लागलेलं काहीही जहाजावर नेऊ नका. अमेरिकेच्या कस्टम्समध्ये मसाले विचारले तर सांगून टाका. रिव्हर अँटोइनची ७५ टक्क्यांची रम विमानात नेता येत नाही, म्हणून ते ६९ टक्क्यांची वेगळी बाटली विकतात. घ्यायची तर तीच. जहाजावर चढताना ती बाटली काढून घेतात आणि सफर संपताना परत देतात.

परतीच्या वेळेच्या एक तास आधी धक्क्याच्या आवारात या. तिथेही दुकानं, बाकडी, वायफाय आहे, वेळ फुकट जात नाही. आणि वाटेत गाडी बंद पडलीच, उशीर होणार हे दिसलंच, तर जहाजाला गाठायची धडपड करण्याआधी एजंटला फोन लावा. जहाज सुटलं तरी पुढच्या बेटावर कसं पोहोचायचं ते तोच सांगतो. ते विमानाचं तिकीट मात्र तुमच्या खिशातून.